हा पक्षी इथे कसा?

‘हा पक्षी इथे कसा?’ हा प्रश्न नवी मुंबईतल्या प्रत्येक वसाहतीत कोणी ना कोणी विचारलेला आहे. पामबीच मार्गाच्या कडेच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला फेब्रुवारीतल्या एका सकाळी गॅलरीतून खालच्या तळ्यात गुलाबी पक्ष्यांचा अख्खा थवा उभा दिसतो. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या सोसायटीच्या वाहनतळावर, चाकाच्या आडोशाला, चोच आभाळाकडे करून ताठ उभा राहिलेला तपस सापडतो. भराव टाकून सपाट केलेल्या, पत्र्यांचे कुंपण घातलेल्या भूखंडावर पाणी साचते आणि काही दिवसांत तिथे शेकाट्यांची जोडी लांब तांबड्या पायांनी फिरू लागते. विचारणाऱ्याच्या आवाजात नवल असते, थोडी काळजी असते, आणि बहुतेक वेळा मनात एक गृहीतही असते, की हा पक्षी वाट चुकला आहे.

पुढच्या पानांतल्या नोंदी वाचताना ते गृहीत बाजूला ठेवावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे. दलदलीत, चिखलात, उथळ पाण्यात राहणारे पक्षी नको त्या जागी दिसतात, तेव्हा त्यामागे बहुधा ठाम कारण असते. कधी भरतीची वेळ, कधी बुजलेले खाजण, कधी रात्रीचे दिवे, कधी अडलेले पाणी. त्या कारणाचा माग घेत गेले, की पक्ष्याइतकीच आपल्या शहराचीही ओळख होते.

सुरुवात जमिनीपासूनच करायला हवी. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली, आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. त्या जमिनीत डोंगरउतार होता, भातशेती होती, पण खाडीच्या बाजूला सगळी मिठागरे, खाजणे आणि तिवरांची राने होती. आगरी आणि कोळी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीशी बोलणी करून ही जमीन राखली होती. बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची, भरतीला ती बंद राहील आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जाईल अशी. शहर आखणाऱ्या अभियंत्यांपुढेही तीच अडचण आली, कारण नव्या शहराचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होता. त्यांनी डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. पावसाचे पाणी भरतीच्या वेळी या तलावांत थांबते आणि ओहोटी लागली की झडपांच्या दारांतून खाडीत जाते. वाशी, नेरूळ, बेलापूर इथले धारण तलाव आजही हेच काम करतात. त्यांत गाळ साठला, तिवर उगवले, आणि तुतवारांपासून बगळ्यांपर्यंत सगळे तिथे आले. कोणत्याही आराखड्यात हे तलाव पक्ष्यांसाठी म्हणून दाखवलेले नव्हते. पक्ष्यांनी मात्र उघाडीमागचे जुने पाणी नव्या तलावात ओळखले, असेच म्हणावे लागते.

आता रोहित पक्ष्याकडे वळू. अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणून तो सर्वांना माहीत आहे. आज महापालिका नवी मुंबईला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते, चौकाचौकांत त्याचे पुतळे आहेत. त्यामुळे नव्या पिढीला हा पक्षी इथला कायमचा रहिवासी वाटतो. तसे नाही. ठाणे खाडीत तो मोठ्या संख्येने दिसू लागला तो १९९० च्या दशकात, आणि तेव्हा जाणकारांनाही त्याचे आश्चर्य वाटले होते. पुस्तकांत लहान रोहिताचे घर म्हणून पूर्व आफ्रिकेची क्षारयुक्त सरोवरे आणि आपल्याकडे कच्छचे रण यांची नावे असत. एका बाजूला मुंबईची तेलशुद्धीकरण केंद्रे, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, आणि दोन्ही काठांच्या वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेणारी ही सव्वीस किलोमीटरची खाडी त्या यादीत कशी बसणार?

पण नेमके तेच सांडपाणी आणि गाळ इथे कारणीभूत ठरले. खाडीच्या वरच्या भागात गाळ साठत गेला, चिखलाची मैदाने वाढली. सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर निळे-हिरवे शेवाळ माजले. लहान रोहिताची चोच गाळणीसारखी असते. डोके उलटे करून तो पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, आणि त्यातल्या रंगद्रव्यांमुळेच त्याची पिसे गुलाबी होतात. मोठा रोहित चिखलातले छोटे जीवही टिपतो. दोघांनाही इथे अन्न मिळाले. म्हणून खाडी निरोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. हा पक्षी थोड्याशाच प्रकारच्या अन्नावर जगतो आणि ते जिथे विपुल असेल तिथे जातो, एवढेच यातून कळते. औद्योगिक सांडपाण्यातल्या जड धातूंचे काय, हा प्रश्न तसाच उरतो, आणि तो पक्ष्यांइतकाच खाडीतली मासळी खाणाऱ्या माणसांचाही आहे.

पुढचा इतिहास वेगाने घडला. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीचा ६,५२१ हेक्टरचा परिसर रामसर यादीत गेला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून त्याला मान्यता मिळाली. ज्या दृश्यावर तीस वर्षांपूर्वी कोणी विश्वास ठेवला नसता, ते कायद्याच्या कागदावर उमटले. महाराष्ट्रात याला दुसरेही उदाहरण आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भिगवणजवळच्या त्याच्या उथळ फुगवट्यावर रोहित येऊ लागले. भीमेच्या काठच्या शेतकऱ्यांच्या आजोबांनी हा पक्षी तिथे पाहिलेला नव्हता. ‘अनपेक्षित’ या शब्दाला मुदत असते. म्हणूनच पहिल्या नोंदींना मोल आहे. दृश्य अंगवळणी पडले की ते केव्हा सुरू झाले हे सांगणारे कोणी उरत नाही.

सरकारी नकाशावर अभयारण्याची हद्द आखलेली आहे. पक्षी मात्र रोज त्या हद्दीबाहेर जातात, आणि पुढच्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक नोंदींचे उत्तर याच ये-जा करण्यात आहे. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो आणि रोहित, पाणटिवळे, उचाट, चिखल्या, तुतवार सगळे चिखलावर पसरून खात असतात. भरती चढू लागली की हे ताट पाण्याखाली जाते. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी साडेचार मीटरच्या वर चढते, तेव्हा लांब पायांच्या रोहितालाही खाडीत उभे राहता येत नाही. मग पुढचे काही तास काढायला उथळ, शांत, चहूबाजूंनी मोकळे पाणी लागते. नेरूळ-सीवूड्सच्या मागची तळी, टी. एस. चाणक्यजवळची पाणथळ, दिल्ली पब्लिक स्कूलशेजारचा आणि त्या शाळेच्याच नावाने ओळखला जाणारा डीपीएस तलाव, पलीकडे भांडुपचे उदंचन केंद्र, दक्षिणेला उरणचे पाणजे, या सगळ्या त्या मुक्कामाच्या जागा. त्या गेल्या तर खाडीत कितीही अन्न असले तरी पक्ष्याला ते खाता येणार नाही, कारण दिवसातून दोनदा त्याला जायला जागाच नसेल.

हे एकदा समजले की तळ्याकाठी उभे राहून पाहण्याची रीतच बदलते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी संध्याकाळी सहाला तळे गुलाबी दिसले आणि शनिवारी त्याच वेळी रिकामे, तर पक्षी निघून गेले असे नव्हे; शनिवारी त्या घटकेला त्यांचे जेवण चालू असते. दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळ्याला यासाठी तक्ता लागत नाही. तिथी पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. पक्षीनिरीक्षकांनी दुर्बिणीच्या बरोबरीने हा हिशेब शिकावा, असे मला मनापासून वाटते. तारीख आणि घड्याळाची वेळ लिहिलेली नोंद चांगली असते, पण तिथी किंवा भरतीची स्थिती लिहिलेली नोंद पुढच्या माणसाला कारण सांगते. या संग्रहात जिथे ती मिळाली तिथे ती आवर्जून ठेवली आहे.

पाणी अडले की काय होते, हे २०२४ मध्ये दिसले. डीपीएस तलाव सुमारे तीस एकरांचा. खाडीचे पाणी त्यात नाल्यांवाटे येत-जात असे. नेरूळच्या जेट्टीच्या कामाच्या काळात या वाटा बुजत गेल्या, तलाव सुकू लागला, साचलेल्या पाण्यावर शेवाळाचा थर चढला. त्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये रोहित आले ते गोंधळलेले दिसत होते. काही रस्त्यावर उतरले, काही जखमी झाले, आणि त्या एका तलावाच्या आसपास दहाएक पक्षी मेले. त्याआधी त्याच परिसरातल्या एका मोठ्या फलकाला धडकून काही रोहित मेले होते. तो फलक पुढे हटवण्यात आला. रस्त्यावर चालणाऱ्या रोहितांची चित्रे तेव्हा सगळीकडे फिरली, आणि पुष्कळांनी ती मौज म्हणून पाहिली. ती मौज नव्हती. रस्त्यावरचा रोहित ही ‘अनपेक्षित जागी दिसलेल्या पक्ष्या’ची सर्वांत दुःखद नोंद आहे. तो उतरला तिथे आदल्या वर्षापर्यंत पाणी होते, किंवा शंभर पावलांवर होते.

नागरिकांनी, मुलांनी तलावाकाठी साखळी केली, निवेदने दिली, राज्य शासनाने समिती नेमली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. हा मोठा विजय आहे आणि तो नोंदींच्या बळावर मिळालेला आहे. कोणत्या महिन्यात किती पक्षी, पाण्याची पातळी किती, नाला कुठे बुजला, हे लिहून ठेवणारी माणसे नसती तर एका सुकलेल्या तळ्याबद्दल सांगण्यासारखे काहीच उरले नसते.

कायद्याची एक बाब इथे सांगायलाच हवी, कारण ती थेट या पुस्तकाच्या विषयाला भिडते. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत पाणथळीची जी व्याख्या आहे, तिच्यातून मीठ पिकवण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली पाण्याची ठिकाणे वगळली आहेत. भातशेतीही वगळली आहे. ठाणे खाडीच्या काठावर तर बहुतेक उथळ पाणी माणसानेच कधीतरी बांधलेले: मिठागर, खारबांधाआडचे शेत, धारण तलाव. म्हणजे पक्षी जिथे उतरतात त्यांतल्या कितीतरी जागांना कागदावर पाणथळ म्हणून संरक्षणच नाही. अशा जागेच्या बाजूने उभा राहणारा पहिला साक्षीदार तिथे दिसलेला पक्षी असतो, आणि त्याची साक्ष लेखी असावी लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नेरूळ-सीवूड्समधल्या पाणथळीवर गोल्फ मैदान आणि घरे उभारण्याच्या योजनेविरुद्ध निकाल दिला, तेव्हा त्या जागेवरचे पाणी, तिवर आणि पक्षी यांचे पुरावे नागरिकांनी चिकाटीने गोळा केलेले होते. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. उरणकडे मात्र इतके जागरूक डोळे वेळेवर पोचले नाहीत, आणि बंदर, गोदामे, रस्ते यांच्या भरावाखाली कितीतरी पाणथळी गेल्या. तिथे काय होते याची नीट नोंदही राहिली नाही, याचे दुःख मला अधिक वाटते.

रोहित मोठा, रंगीत, सर्वांना दिसणारा. पण या संग्रहातल्या मला सर्वांत प्रिय नोंदी लाजऱ्या पक्ष्यांच्या आहेत. तपस आणि फटाकडी हे वेताच्या, गवताच्या, पाणकणसाच्या दाटीत राहणारे. जन्मभर दलदलीजवळ राहिलेल्या माणसालाही ते सहसा दिसत नाहीत. त्यांचा स्थलांतराचा प्रवास रात्री चालतो. पावसाच्या आगमनाच्या दिवसांत वारा फिरतो, ढग खाली येतात, आणि खालून उंच इमारतींचे, पुलांचे, जाहिरातींचे दिवे उजळलेले असतात. ढगाळ रात्री दिव्यांच्या उजेडात अडकलेला पक्षी घिरट्या घालत राहतो, दमतो, काचेवर आदळतो किंवा दिसेल त्या मोकळ्या जागी उतरतो. म्हणून एरवी अदृश्य असणारी फटाकडी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात किंवा मंदिराच्या कट्ट्यावर सापडते. नवरंगसारखा रानातला पक्षीही याच दिवसांत मुंबई-नवी मुंबईच्या बागांत आणि गच्च्यांवर असाच थकून उतरलेला मिळतो. वाहनतळावरचा तपस चाकाजवळ चोच वर करून उभा राहतो, कारण धोका वाटला की वेतांत मिसळून जाण्याची त्याची हीच रीत आहे. सिमेंटवर वेत नाहीत, पण रीत सुटत नाही. या नोंदी लिहिणाऱ्यांत पहारेकरी आहेत, सफाई कामगार आहेत, पहाटे दूध टाकणारी मुले आहेत, कारण त्या वेळी जागे तेच असतात.

आकाशही आता पूर्वीइतके मोकळे राहिलेले नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या लक्ष्मीनगर भागात दुबईहून येणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि ३९ पक्षी मेले. घराच्या दारात, गल्लीत, रस्त्यावर ते पडलेले लोकांनी पाहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, डिसेंबरात उड्डाणे सुरू झाली. पनवेलच्या खाडीलगत, पाणथळींच्या शेजारी हा विमानतळ आहे. विमानाची सुरक्षितता हवी याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्याचा उपाय म्हणून आजूबाजूचे सगळे पाणी बुजवावे, हा विचार मला चुकीचा आणि धोकादायक वाटतो. भरतीला जागा न मिळालेला थवा हवेत अधिक वेळ फिरतो. तो कुठे, केव्हा, किती उंचीवरून जातो हे कळले तर वेळापत्रक आणि मार्ग दोन्ही शहाणपणाने आखता येतील.

त्या दिशेने काम झाले आहे. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी सहा रोहितांच्या अंगावर जीपीएस यंत्रे बसवली. त्या पक्ष्यांची नावे हुमायून, सलीम, मॅक्कॅन, लेस्टर, खेंगारजी आणि नवी मुंबई. पहिली काही नावे पक्षिशास्त्राला आयुष्य दिलेल्या माणसांच्या स्मरणार्थ आहेत; खेंगारजी हे कच्छचे महाराव, ज्यांच्या रणात रोहितांची प्रचंड वीण वसाहत आहे आणि जिथे सलीम अलींनी १९४५ मध्ये जाऊन पाहणी केली. आणि एका पक्ष्याचे नाव आपल्या शहराचे. त्यांच्या प्रवासाच्या रेषा गुजरातच्या किनाऱ्याकडे जातात आणि ठाणे खाडीकडे परत येतात. पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरते, पाण्याची चव आणि अन्न बदलते, रणात पाणी भरते, आणि हे पक्षी निघतात. पावसाळा लांबला तर त्यांचे येणेही लांबते. डिसेंबरऐवजी जानेवारी उलटून गेल्यावर थवे आल्याचे अलीकडे काही वर्षे दिसले आहे. वयात न आलेले, पिसांवर अजून करडेपणा असलेले काही पक्षी पावसाळाभर इथेच राहतात. तेही नोंदवावे.

मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’ने मराठी माणसाला पक्ष्यांची नावे परत मिळवून दिली. या पुस्तकात शक्य तिथे मराठी नावेच वापरली आहेत. जिथे एका पक्ष्याला गावागणिक वेगळे नाव मिळाले, तिथे सांगणाऱ्याच्या तोंडचे नाव राखले आहे. काही नोंदी अपुऱ्या आहेत, काहींत ओळख पक्की नाही, आणि तसे तिथे लिहिले आहे. ज्या नोंदीसोबत वेळ, जागा किंवा हवामान काहीच नव्हते ती घेतलेली नाही.

आता वाचकाला एक विनंती. तुम्हाला असा पक्षी दिसला तर जवळ जाऊ नका, ड्रोन उडवू नका, चित्रासाठी थव्याला उडवून लावू नका. तारीख, वेळ, नेमकी जागा, भरती की ओहोटी, पाऊस-वारा आणि आदल्या दिवसापर्यंत त्या जागी काय होते, एवढे लिहून ठेवा. पक्षी जखमी किंवा दमलेला असेल तर हवा खेळेल अशी भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, खायला कोंबू नका, घरी पाळू नका. आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. तुमच्या इमारतीच्या गच्चीवरचे मोठे दिवे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री बंद ठेवण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत मांडा. आणि तुमच्या घरामागच्या तळ्याला खाडीचे पाणी कोणत्या वाटेने येते ते एकदा स्वतः चालत जाऊन पाहून या. ती वाट बुजलेली दिसली तर महापालिकेला आणि वनविभागाला लेखी कळवा, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा.